रागावरचं चित्रपुस्तक निवडताना मधली पानं बघा

मुलांच्या चित्रपुस्तकात बहुतेकदा ३२ पानं असतात. छपाईच्या मोठ्या कागदाला घड्या घालून तो कापला की पानं आठच्या किंवा सोळाच्या पटीत निघतात, त्यामुळे हा आकडा रूढ झाला. त्यातून शीर्षकाचं पान, प्रकाशकाची माहिती वगैरे वजा केलं की गोष्टीसाठी साधारण बारा ते पंधरा जोडपानं (पुस्तक उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं) उरतात. चिडणाऱ्या, आदळआपट करणाऱ्या, ‘मला जमतच नाही’ म्हणून हातातलं भिरकावून देणाऱ्या मुलासाठी पुस्तक निवडत असाल तर आधी ही जोडपानं मोजा. राग कितव्या जोडपानावर फुटतो? आणि तो उतरायला किती पानं दिली आहेत?

मुखपृष्ठ आणि मागचा मजकूर यांपेक्षा हे दोन आकडे पुस्तकाबद्दल जास्त सांगतात. बरीच पुस्तकं नऊ-दहा जोडपानं राग चढवण्यात घालवतात. मग कोणीतरी मोठं माणूस येऊन ‘तीन मोठे श्वास घे’ म्हणतं आणि पान उलटलं की सगळे हसत असतात. राग चढताना दाखवायला चित्रकारालाही मजा येते: लालभडक रंग, ताठ उभे केस, पानाबाहेर जाणारी अक्षरं. पण राग चढतो कसा हे मुलाला चांगलंच ठाऊक असतं. तो उतरतो कसा, मध्ये काय काय होतं, रडू कधी येतं, मग कंटाळा का येतो, परत सगळ्यांसमोर जायची लाज कशी वाटते, हे त्याने बाहेरून कधी पाहिलेलं नसतं. तेव्हा उतरणीला निदान तीन-चार जोडपानं नसतील तर ते पुस्तक करमणुकीसाठी घ्या, दुसरी काही अपेक्षा ठेवू नका.

उतरण नीट दाखवणारं पुस्तक कसं असतं याचा नमुना म्हणून मी नेहमी मॉली बँग यांच्या १९९९ सालच्या ‘व्हेन सोफी गेट्स अँग्री, रिअली, रिअली अँग्री’चं नाव घेतो. बहीण खेळणं हिसकावते, आई बहिणीची बाजू घेते, सोफी भडकते. इथवर नेहमीचंच. पुढे मात्र ती धावते, दम लागेपर्यंत धावते, मग रडते, मग आजूबाजूचे दगड, झाडं, पक्षी तिला दिसू लागतात, ती एका जुन्या झाडावर चढते, वारा लागतो, पाणी दिसतं. मग उतरून घरी येते. घरी कोणी उपदेश करत नाही. रंगही याच क्रमाने बदलतात. सुरुवातीचा लाल-नारिंगी भडका हळूहळू निवत हिरव्या-निळ्याकडे सरकतो. वाचता न येणारं मूलही रंगांवरून गोष्ट कुठे आली आहे ते ओळखतं.

इथे एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. धावल्यामुळे सोफी शांत झाली, असा सोयीचा अर्थ मोठी माणसं काढतात आणि मुलाला उशी बडवायला किंवा उड्या मारायला लावतात. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी त्यांना चिडवलं, मग काहींना ज्याच्यावर राग आला त्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवायला सांगितली, काहींना व्यायामाचा विचार करत, आणि काहींना नुसतं बसवून ठेवलं. राग काढण्यासाठी बडवणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. नुसते बसलेले त्यांच्यापेक्षा बरे निघाले. हे प्रौढांवरचं काम आहे, लहान मुलांना ते जसंच्या तसं लावता येणार नाही. तरी उशी बडवून राग ‘बाहेर काढायला’ शिकवणारी पुस्तकं मी बाजूला ठेवतो. सोफीच्या गोष्टीतही भांडणाच्या जागेपासून दूर जाणं आणि नंतरचा तो निवांत वेळ हाच कामाचा भाग आहे.

मॉरिस सेंडॅक यांचं १९६३ सालचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ वेगळ्या वाटेने जातं. मॅक्स या खोडकर मुलाचा धुमाकूळ वाढत जातो तशी चित्रं मोठी होत जातात. पहिलं चित्र पांढऱ्या समासात आक्रसलेलं असतं, पुढे ते पान व्यापतं, आणि राक्षसांबरोबरच्या धिंगाण्याच्या वेळी सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. शेवटच्या पानावर उलट आहे: चित्र नाही, फक्त मजकूर. ही तीन मुकी जोडपानं वाचताना बहुतेक मोठ्यांची चूक ठरलेली असते. गप्प बसवत नाही, म्हणून ते ‘बघ, हा राक्षस काय करतोय’ असं समालोचन सुरू करतात. करू नका. पान उघडं ठेवा, पाच-सहा सेकंद थांबा, मुलाला हवं तर ओरडू द्या, आणि पान त्यालाच उलटू द्या. धिंगाणा किती वेळ चालणार आणि कधी थांबणार हे त्याच्या हातात असणं, हाच त्या पानांचा उपयोग.

आता कोणत्या मुलाला कोणतं पुस्तक. ‘राग’ या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी येतात. प्रयत्न करून जमत नाही म्हणून येणारा वैताग, कोणीतरी हिसकावलं किंवा अन्याय केला म्हणून येणारा राग, ठरलेलं रद्द झालं म्हणून झालेला हिरमोड, आणि थकवा, भूक, गोंगाट यांनी होणारी नुसती चिडचिड. चौथ्या प्रकारावर पुस्तकाचा काही उपयोग नाही. झोप आणि खाणं बघा. बाकी तिन्हींना वेगवेगळी गोष्ट लागते. ठोकळ्यांचा मनोरा पडला की किंचाळणाऱ्या मुलाला खेळणं वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली तर ते ऐकेल, पण त्यात त्याचं काहीच नसेल. आठवडाभर नोंद ठेवा: भडका कधी उडाला, लगेच आधी काय झालं होतं, किती वेळ टिकला. तीन रकाने पुरतात. मग पुस्तक निवडा.

न जमण्याच्या वैतागासाठी अ‍ॅश्ली स्पायर्स यांचं ‘द मोस्ट मॅग्निफिसंट थिंग’ (२०१४) मला सर्वांत चोख वाटतं. एक मुलगी कुत्र्याला मदतनीस करून काहीतरी भन्नाट बनवायला घेते. जमत नाही. पुन्हा करते, पुन्हा जमत नाही, बोटावर घाव बसतो, ती भडकते आणि सोडून देते. कुत्रा तिला फिरायला नेतो. परतताना तिला दिसतं की टाकून दिलेल्या प्रत्येक वस्तूत काहीतरी एक बरोबर होतं. चाकं एकात बरी, आकार दुसऱ्यात. ते सगळं एकत्र करून ती पुन्हा बनवते आणि शेवटी जे तयार होतं ते थोडं डावीकडे कललेलं आणि वाटलं होतं त्याहून जड असतं, पण तिला हवं होतं तसं असतं. या शेवटाकडे लक्ष द्या. ‘प्रयत्न केला आणि पहिला नंबर आला’ असा शेवट असलेली पुस्तकं याच मुलांना उलटी पडतात. प्रयत्न करूनही हरलेल्या मुलाला त्या गोष्टीतून एवढंच कळतं की आपला प्रयत्न कमी पडला. अपुरं, वाकडं, पण चालणारं काहीतरी शेवटी हाती लागतं, अशी गोष्ट शोधा.

कोरी डोअरफेल्ड यांचं ‘द रॅबिट लिसन्ड’ (२०१८) मुलांच्या शेल्फवर असतं, पण खरं तर ते मोठ्यांसाठी आहे. टेलर नावाच्या लहानग्याने रचलेलं सगळं पक्ष्यांचा थवा पाडून जातो. मग एकेक प्राणी येतो आणि आपापला उपाय सांगतो: कोंबडी म्हणते बोल, अस्वल म्हणतं ओरड, बाकीचे म्हणतात हसून सोड, दुसऱ्याचं पाड. टेलरला काहीच नको असतं. ससा नुसता जवळ येऊन बसतो. पुढे टेलर बोलतो, ओरडतो, हसतो, सगळं करतो, पण आपल्या वेळेने. मुलापुढे वाचण्याआधी हे एकदा एकट्याने वाचा आणि आपण त्यातला कोणता प्राणी आहोत ते ठरवा. बहुतेक घरांत अस्वल नाही तर कोंबडी सापडते.

माणसांची गोष्ट बरी की प्राण्यांची, हा प्रश्न नेहमी येतो. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याबद्दलची एकच गोष्ट दोन तऱ्हांनी वाचून दाखवली, एकदा माणसांची पात्रं घेऊन आणि एकदा कपडे घातलेल्या प्राण्यांची. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त स्टिकर वाटले. रागाच्या बाबतीत मी याला एक पुस्ती जोडेन. ज्या मुलाला आपल्या चिडण्याची आधीच लाज वाटते, ते माणसाच्या मुलाचं चित्र बघून पुस्तक मिटून टाकतं. त्याला आधी अस्वल-माकड चालतं, कारण ते ‘मी नाही’. त्या पुस्तकाची ओळख झाली, हसून झालं, की मग माणसाच्या मुलाची गोष्ट आणा.

शिक्षेवर संपणाऱ्या पुस्तकांबद्दल मात्र मला शंका नाही, ती नकोत. कँग ली यांच्या गटाने २०१४ साली तीन ते सात वर्षांच्या मुलांना खरं बोलण्याच्या जुन्या गोष्टी ऐकवल्या. खोटं बोलल्याने लांडग्याने खाल्लं किंवा नाक वाढलं, अशा गोष्टींनी मुलांच्या खरं बोलण्यात काही फरक पडला नाही. खरं सांगितल्याबद्दल कौतुक झालेल्या मुलाच्या गोष्टीने पडला. रागीट मुलाशी कोणी खेळेना, मग त्याला अद्दल घडली, या साच्याचं पुस्तक मुलाला घाबरवतं, आणि पुढच्या वेळी काय करायचं हे शिकवायचं राहूनच जातं.

भावनांना एकेक रंग देणारी पुस्तकं सध्या खूप आहेत: लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, प्रत्येक भावना वेगळ्या बरणीत. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला नावं शिकवायला ती ठीक आहेत. चार-साडेचार वर्षांनंतर ती अपुरी पडतात, कारण खऱ्या भडक्यात अपमान, भीती आणि राग एकदमच आलेले असतात आणि मुलाला ते कोणत्या बरणीत टाकावं हे कळत नाही. त्या वयापासून वैतागणं, खट्टू होणं, हेवा वाटणं, ओशाळणं, धुसफुसणं असे छटा असलेले शब्द वाचताना सहज पेरा. छापील मजकुरात ‘त्याला राग आला’ एवढंच असेल तर ते बदलून वाचायला काहीच हरकत नाही. परभाषेतलं पुस्तक असेल तर प्रत्येक जोडपानाचं आपल्या भाषेतलं एक वाक्य चिकटचिठ्ठीवर लिहून लावून ठेवा, म्हणजे दर वेळी तेच शब्द येतात. लहान मुलांना तेच शब्द हवे असतात.

वाचायचं कधी? भडका उडालेला असताना कधीच नाही. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या थयथयाटांचा अभ्यास २००३ साली मांडला. बहुतेक थयथयाट पाच मिनिटांच्या आत संपतात, राग सुरुवातीलाच टोकाला जातो आणि दुःख मात्र सगळ्या वेळात पसरलेलं असतं. त्या मिनिटांत मुलाला वाक्यं ऐकू येतात, पण ती आत पोचत नाहीत. पुस्तक समोर धरलंत तर ते फेकलं जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे ते पुस्तक पुढे शिक्षेसारखं वाटू लागेल. पोट भरलेलं, झोप झालेली, घाई नसलेली वेळ निवडा. अगदी झोपायच्या आधी भडक्याचं पुस्तक काही मुलांना उचकवतं, तेव्हा मऊ, उतरणीवर भर असलेलं वाचा.

पहिली दोन-तीन वाचनं सरळ करा, एकही प्रश्न न विचारता. गोष्ट आधी गोष्ट म्हणून आवडू दे. त्यानंतर थांबायचं, आणि तेही एका वाचनात दोन किंवा तीनच ठिकाणी. सर्वांत उपयोगी थांबा भडक्याच्या लगेच आधीच्या पानावर असतो. तिथे शरीराकडे बोट दाखवा: ‘याच्या मुठी बघ’, ‘कान कसे लाल झालेत’, ‘दात आवळलेत’. राग फुटण्याआधी अंगात काय होतं हे ओळखता आलं, तर पुढचं काही करायला वेळ मिळतो. फुटल्यावर मिळत नाही. दुसरा थांबा उतरणीवर: ‘आता याला काय दिसायला लागलं?’ तिसरा परत येण्याच्या पानावर. मोडलेलं, सांडलेलं, दुखावलेलं त्याचं काय झालं? नुसतं ‘सॉरी’ म्हणून पान संपत असेल तर विचारा, ‘आता तो काय नीट करू शकेल?’

प्रश्न परीक्षेसारखे नकोत. ‘याला काय वाटतंय?’ याचं उत्तर मूल ‘राग’ एवढंच देतं आणि तिथेच संपतं. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडलेल्या संवादी वाचनाच्या पद्धतीचा गाभा असा की हळूहळू मूल सांगणारं होतं आणि मोठं माणूस ऐकणारं. म्हणजे मूल म्हणालं ‘पडला’, तर तुम्ही म्हणायचं, ‘हो, सगळा मनोरा धाडकन पडला. मग?’ त्याचं वाक्य एक पायरी वाढवून त्याच्याकडे परत द्यायचं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला प्रश्नच नकोत, फक्त चित्रातल्यासारखे चेहरे करा, दोघांनी. पाच वर्षांच्या पुढे ‘दुसरं काय करता आलं असतं?’ हा प्रश्न चालतो, त्याआधी तो बहुतेकदा गोंधळात टाकतो.

आणि एक वाक्य पूर्ण वर्ज्य: ‘बघ, अगदी तुझ्यासारखाच आहे ना हा!’ ते ऐकलं की पात्राबद्दलची गोष्ट संपते आणि मुलाची झडती सुरू होते. पुष्कळ मुलं त्या क्षणी पुस्तक ढकलतात किंवा विषय बदलतात. साम्य त्याला दिसलेलं असतंच. ते कधीतरी आपणहून म्हणेल, ‘मी पण असा ओरडलो होतो.’ तेव्हा फक्त ‘हो, तू ओरडला होतास’ म्हणा आणि पान उलटा.

श्वासाचं पान असेल तर त्या पानावर खरोखर श्वास घ्या, दर वेळी, दोघांनी. सूचना वाचून पुढे गेलात तर काही उपयोग नाही. बाहेर सोडायचा श्वास आत घेण्यापेक्षा लांब हवा, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. पाच वर्षांच्या मुलाला आत चार मोजून आणि बाहेर सहा मोजून असे तीन श्वास पुरेत. त्याहून लहानांना मोजायला लावू नका, चित्रातल्या फुलावर लांब फुंकर घालायला सांगा. ‘खोल श्वास घे’ म्हटलं की मुलं खांदे वर करून छाती फुगवतात आणि तो श्वास धरून ठेवतात, त्याने उलट ताण वाढतो. फुंकर म्हटलं की हा घोळ होत नाही. दोन-तीन आठवडे शांत वेळी हे झालं की चिडचिड सुरू होताना ‘फुलावर फुंकर’ एवढेच दोन शब्द चालतात. भडका टोकाला गेल्यावर तेही बोलू नका.

हवं तसं पुस्तक मिळत नसेल तर घरी करता येतं. ए-४ कागद घ्या, त्याला तीन वेळा निम्म्यात घडी घालून उघडा, आठ चौकोन दिसतील. कागद आखूड बाजू आखूड बाजूवर येईल असा निम्मा दुमडा. दुमडलेल्या कडेकडून मधल्या घडीवर, मधल्या छेदबिंदूपर्यंतच कापा. पुढे गेलात तर कागदाचे दोन तुकडे होतात, बहुतेकांचं इथेच बिघडतं. आता उघडून लांबीच्या बाजूने दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, मधला काप उघडून चौकट होईल, ती मिटवून पानं एकावर एक वळवा. आठ पानी पुस्तक तयार. पहिलं पान मुखपृष्ठ. दुसऱ्यावर सगळं ठीक चाललंय. तिसऱ्यावर काय बिघडलं, तुमच्या नोंदीतलं नेमकं कारण. चौथ्यावर अंगात काय झालं. पाचव्यावर भडका, तिथे शब्द नकोत, मुलाला हव्या त्या रंगाने गिरगटू द्या. सहा आणि सात, दोन्ही पानं उतरणीला. आठव्यावर काय नीट केलं. प्रत्येक पानावर एकच वाक्य, आठ-दहा शब्दांचं. नायकाला मुलाचं नाव देऊ नका, नाव त्यालाच ठरवू द्या. आणि शेवटच्या पानावर ‘मग तो पुन्हा कधीच चिडला नाही’ असं लिहायचा मोह आवरा. उद्या तो चिडणार आहे आणि मग पुस्तक खोटं ठरेल.

एखादं पुस्तक मूल नाकारतं, लपवतं, त्यातलं एक पान उलटू देत नाही किंवा नेमकं भडक्याचं पान फाडतं. फाटलेलं पान त्याच्याबरोबर चिकटपट्टीने जोडा आणि पुस्तक त्याचा हात पोचेल अशा जागी ठेवून द्या. पंधरा दिवस तुम्ही होऊन काढू नका. उलट एखादं मूल तेच पुस्तक रोज, महिनाभर मागतं. मागू दे. त्याचं काम झालं की ते आपोआप थांबतं. मात्र थयथयाटात मूल स्वतःला दुखापत करत असेल, भडके वारंवार अर्धा-अर्धा तास चालत असतील, किंवा पाच वर्षांनंतर कमी होण्याऐवजी वाढत असतील, तर नोंदीचे ते तीन रकाने घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे किंवा बालमानसतज्ज्ञांकडे जा. तिथे पहिला प्रश्न बहुतेक तोच विचारला जाईल, की लगेच आधी काय झालं होतं.